मोठी अक्षरं

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधले आमचे शेजारी, मामा, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या बोलण्याला तमिळ हेल होता; मला ते 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. मामी अंथरुणाला खिळलेल्या. परदेशातल्या मुलाचे निरोप त्यांना पलंगावरून वाचता यावेत, म्हणून मामा रोज फोन वायरने कॉम्प्युटरला जोडून पडद्यावर अक्षरं मोठी करत. ते त्यांना मीच शिकवलं होतं.

परवा माझ्यासमोरच निरोप आला, "अप्पा, यंदाही जमणार नाही." मामींचा डोळा लागला होता. मामांनी हळूच वायर काढली.

जाग आल्यावर मामींनी विचारलं, "आलं का काही?"

"कॉम्प्युटर बिघडलाय. या तंबीला विचार."

मामी माझ्याकडे वळल्या. "तो यायच्या आत नीट होईल ना रे?"

मामा खाली बघत वायर गुंडाळत राहिले. मी म्हणालो, "होईल, मामी."