जनकाबाईंचे तीन ठोके

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आमच्या डोंगरकडा गावात कुणीही सांगेल. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि शिकवताना मध्येच कुणी बोललं की माझ्या कपाळाला आठी पडते. त्यामुळे नववीतल्या प्रियदर्शनीने हात वर केला तेव्हा मी आधी न बघितल्यासारखं केलं. पण ती हात खाली घेणाऱ्यातली नव्हे.

"सर, ह्या शंखाच्या रेघा इतक्या एकसारख्या काहून हायत? मह्या दोन अंगठ्याचे ठसे बी सारखे न्हाईत."

शंख म्हणजे माझा अभिमान. गेल्या वर्षी मी मोबाइलवरून मागवलेला जीवाश्म. तळहाताएवढा, वेटोळा, जुन्या गुळाच्या रंगाचा. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं, की हा पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवाचा अस्सल अवशेष आहे. स्वतःच्या खिशातून घेतलेला, म्हणून शेखी जरा जास्तच. काचेच्या कपाटात ठेवून मी त्याला कुलूप लावलं होतं आणि पोरांना लांबूनच दाखवत होतो. त्याच्यावर माझं पाऊण तासाचं भाषण तयार होतं.

"बस खाली," मी म्हणालो. पण संध्याकाळी शंख पिशवीत घालूनच घरी निघालो.

नकली जीवाश्म कसे ओळखायचे ते नेटवर शोधलं. हे काम विकत घेण्याआधी करायचं असतं, पण आपण शहाणे. तापलेली सुई टोचली तर नकलीतून प्लास्टिकचा वास येतो, असं वाचलं. सुई तापवून टोचली, वास आला नाही. दगडच होता. मी खूश झालो. मग बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन फिरवलं, तर कापूस तपकिरी झाला.

"मही बाटली संपली ती संपली," पुनम म्हणाली, "वरून तुमची पंधरा कोटी वर्षंबी कापसाला लागली."

यावर हसायची तिला काही गरज नव्हती.

तरी मी मनाची समजूत घालत होतो, की वरून चमक यावी म्हणून रंग दिला असेल, आतला दगड खराच असेल. शेवटी आमच्या शाळेचे शिपाई कोंडीबा म्हणाले, "सर, दगडाचं दगडवालीला इचारा. वारंग्याला फाट्यावर जनकाबाई बसती. नुसतं बोट फिरवून सांगती ती."

आता या जनकाबाईंविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं मी त्यांच्याचसाठी लिहितोय.

वारंगा फाट्यावर एका पंक्चरच्या दुकानाला लागून गोणपाटाची सावली केलेली आहे. तिच्याखाली पासष्टीच्या जनकाबाई पाय पसरून बसतात, समोर दोन-चार खलबत्ते आणि पाटे. पण त्यांचं आयुष्य बसून गेलेलं नाही, चालून गेलंय. नवरा रामजी पाथरवट. चाळीस वर्षं दोघं साखऱ्यापासून डोंगरकड्यापर्यंत गावोगाव हाळी देत हिंडले. दगड फोडून जातं घडवायचं ते रामजींनी, आणि जात्याला टाकी लावायची ती मात्र जनकाबाईंनीच. जातं वापरून गुळगुळीत झालं की दाणा दळला जात नाही, नुसता चेंगरतो. मग टाकीने, म्हणजे टोकदार छिन्नीने, पाळीवर, म्हणजे जात्याच्या गोल दगडावर, हजारो बारीक खड्डे उठवावे लागतात, तेव्हा ते पुन्हा दळू लागतं.

या कामात फसवाफसवी फार सोपी. घाईघाईने टाकी मारली की दगडाची कच पुढे चार दिवस पिठात उतरते, आणि तोवर टाकीवाली तीन गावं ओलांडून गेलेली असते. जनकाबाईंची रीत निराळी. टाकी झाली की पहिली मूठ ज्वारी दळून ते पीठ फेकून द्यायचं. दुसरी मूठ दळायची आणि ते कोरडं पीठ घरधनिणीच्या देखत स्वतः तोंडात घालून चावायचं. दाताखाली कच लागली, तर पाळी उलटी करून सगळं काम पुन्हा.

"पयली मूठ दगडाची, दुसरी मही, तिसरी घरवालीची," असं त्या सांगतात. आणि तिसरी मूठ पडायच्या आधी पाळीच्या कडेला शेजारी-शेजारी तीन ठोके मारायचे. लिहिता येत नाही, म्हणून ती त्यांची सही. उद्या काही तक्रार निघाली, तर हे काम कुणाचं ते ठोके बघून कळावं. आपल्या कामाची तक्रार आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून आपण सगळे किती खटाटोप करतो! ही बाई उलट तक्रारीला पत्ता देऊन ठेवत होती. मला हे ऐकूनच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे गावोगाव गिरण्या आल्या, घरोघर मिक्सर आले. रामजी गेले. हाळी ऐकायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्या फाट्यावर येऊन बसल्या. मी गेलो त्या दिवशी मात्र त्या खुशीत होत्या. गेल्या वर्षापासून एक चष्मेवाला साहेब टेम्पोतून मऊ पिवळा दगड आणून टाकत होता, फोटो दाखवून नक्षी करून घेत होता आणि तयार माल घेऊन जात होता.

"हाटेलात ठेवायला लागतेत म्हनं," त्या म्हणाल्या. "चार वरीस कुनी काम सांगितलं न्हाई गुर्जी. बसून बसून हात दुखायलते. आता बघा, पुन्हा हाताला काम लागलं."

मी शंख त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "एवढं बघून सांगा. वर्गातली एक पोरगी म्हणते, रेघा फार एकसारख्या आहेत. अस्सल आहे का?"

उडालेल्या खड्यांनी त्यांची नजर अधू झालीय, म्हणून त्या बोटांनी बघतात. आधी शंख गालाला लावला. मग नखाने वाजवून ऐकला. मग अंगठा वेटोळ्यातून फिरवायला लागल्या, बाहेरून आत, सावकाश. मध्यापर्यंत गेल्यावर अंगठा थांबला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी शंख पालथा केला, टाकीच्या टोकाने तळाशी खरवडलं. तपकिरी लुकण निघालं. खाली तीन ठोके होते, शेजारी-शेजारी.

"ह्यो महाच हाय, गुर्जी."

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यावर मी त्या बाईवर ओरडलो. लोकांना फसवता, लाज वाटत नाही का, म्हणालो. पंक्चरवाला हातातलं टायर टाकून आला.  जनकाबाईंनी एवढंच विचारलं, "काय म्हनून इकला त्यानं?"

मी प्रमाणपत्रातला मजकूर सांगितला. पंधरा कोटी म्हणजे किती, ते त्यांना कळलं नाही, पण गेल्याच वर्षीची आपली नक्षी कुणीतरी देवाच्या वेळची म्हणून विकतोय, एवढं बरोबर कळलं. ठोके झाकता येतात, हे त्या बाईच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सही केलीय म्हणजे बघणाऱ्याला दिसणारच, एवढाच त्यांचा हिशेब. चूक म्हणायची तर ती हीच.

"लेकरायनं पाह्यला?"

"रोज बघतात."

"अन् तुमी त्यायला काय सांगितलं?"

"प्रमाणपत्रातलंच." 

"मंग कच लेकरायच्या दाताखाली गेली की," जनकाबाई म्हणाल्या. "उद्या येते मी शाळेत."

खरं सांगतो, मला ते नको होतं. शंख गुपचूप कपाटाच्या मागे टाकावा, पोरं महिन्याभरात विसरतील, असा माझा बेत होता. मी तसं सुचवलंही. शिवाय म्हणालो, की साहेबाच्या कानावर गेलं तर तुमचं काम बंद होईल. हे मी त्यांच्या काळजीपोटी बोललो, असं पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हईल ना," आणि शंख फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी त्या काळी-पिवळी जीपमधून उतरल्या त्या एक कोरा दगड काखेत घेऊनच. नववीच्या वर्गात खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, जमिनीवर मांडी घातली. "लेकरांनो, तुमच्या कपाटातला शंख म्या केलाय, त्यो जुना म्हनून इकतेत ते मला म्हाईत नव्हतं," एवढं एकच वाक्य बोलल्या आणि टाकी चालवायला लागल्या. तासाभरात पोरांच्या डोळ्यांदेखत कोऱ्या दगडातून तसाच शंख वर आला. 

मग त्यांनी शिकवलं. विज्ञानाचा शिक्षक मागच्या बाकावर बसून ऐकत होता.

"अंगठा फिरवा. टाकीनं केलेली रेघ आत खडबडती, तिथं टोक थांबलेलं लागतंय. रेघा मोजा. जित्या शंखाच्या रेघा त्याच्या जिवाच्या वाढीनं वाढतेत, कुठं दाट, कुठं इरळ. म्या फोटू बघून केल्या, मह्या सारख्या आल्या. ह्या पोरीला ते दिसलं. मोठ्या मानसायला न्हाई दिसलं." इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. "वल्या फडक्यानं रंग पुसून बघा. अन् कोनतीबी वस्तू घेतली की आधी पालथी करा. झाकलेलं खालच्या अंगाला असतंय."

"तुमाला म्हाईत नव्हतं तर तुमी काहून सांगायला आल्या?" प्रियदर्शनीने विचारलं. हिला प्रश्न फार.

जनकाबाईंनी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मुठीची गोष्ट सांगितली. "ही दुसरी मूठ हाय, बाई. मलाच चावावी लागती."

त्यानंतर मी उठलो आणि प्रमाणपत्रावर विश्वास ठेवून तुम्हाला वर्षभर चुकीचं शिकवलं, असं वर्गाला सांगितलं.  जाताना जनकाबाईंनी प्रियदर्शनीकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून घेतलं आणि कागद पदराला बांधला.

शनिवारी साहेब माल न्यायला येणार होता. बाईमाणूस एकटी नको, म्हणून मीही फाट्यावर जाऊन बसलो. टेम्पो आला. चष्मेवाल्याने गोणपाट उचललं. खाली तयार बारा शंख होते, आणि प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला, वेटोळ्याच्या बरोबर वर, कोरलेलं होतं: जनकाबाईने घडविला. अक्षरं वाकडी होती, पण खोल होती.

"हे काय करून ठेवलं, मावशी?"

"महं नाव हाय."

"घासून टाका. खालचे ठोके आम्ही लुकणानं भरून घेतो, ते चालतं. पुढून नाव कसं चालेल?" मग जरा गोड आवाजात म्हणाला, "थोडं घासायचं, अन् काम चालू राहील. पुढच्या महिन्यात दुप्पट दगड आणतो."

 जनकाबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. चार वर्षं रिकामे राहून दुखलेले ते हात मला दिसत होते, आणि त्यांनी घासायला घेतलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

"कचकच लागली, साहेब," त्या शेवटी म्हणाल्या. "असंच घेऊन जा, न्हाईतर राहू द्या."

तो वाट्टेल ते बोलला. मी उभा राहिलो, माझ्यामागे पंक्चरवाला पाना घेऊन उभा राहिला, तेव्हा तो शंख तिथेच टाकून, उरलेले कोरे दगड टेम्पोत भरून निघून गेला. त्याच्याविरुद्ध मी तक्रार केलीय. तिचं काय व्हायचं ते होईल.

"काम गेलं तुमचं," मी म्हणालो. असल्या वेळी काय बोलावं, ते मला कधीच सुचत नाही.

"व्हय, गेलं," जनकाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "तुमच्या कपाटातल्यावर नाव घालायचं राह्यलं. सोमवारी येते."

सोमवारी त्या आल्या. मी कपाटाचं कुलूप काढून शंख दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, पदराचा कागद सोडून पुढ्यात पसरला आणि नाव कोरलं. मग प्रियदर्शनीला विचारलं, "ह्यातलं महं नाव कुठून कुठवर?" तिने त्यांचं बोट धरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं. जनकाबाईंनी ते बोट एकदा परत नेलं, पुन्हा आणलं. मग टाकी टेकवली आणि नावाच्या बरोबर खाली, सगळ्यांना दिसेल असे, तीन ठोके मारले.

फुंकर मारून त्यांनी भुगा उडवला आणि शंख माझ्याकडे न देता प्रियदर्शनीच्या ओंजळीत ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "ही तिसरी मूठ. आता तुमची."