आवाज बंद करून

उन्हाळ्याच्या दुपारी शहराबाहेरच्या बेसा वस्तीतलं आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. हिरवे पडदे, कूलरची घरघर, खसाचा ओला वास. त्या गारव्यात बाबा पलंगावर पडून टीव्हीवरच्या बातम्या बघतात, आवाज पूर्ण बंद करून.

बाबांनी उभी हयात कामठीच्या यंत्रमागांवर काढली. मागांच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. डबा पोचवता पोचवता भाऊ आणि मीही ते शिकलो. जेवताना आम्ही तिघं बिनआवाजाच्या गप्पा मारायचो आणि आई वैतागायची.

हेच बाबा पूर्वी बातम्यांना उठून बसायचे. मोठ्या देशाचा पुढारी बोलला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पानठेल्यावर कोणी शंका काढली की भांडून यायचे. पुढे, जी शस्त्रं सापडलीच नाहीत त्यांच्यासाठी एक युद्ध झालं. करार झाले, मोडले. आपले पुढारी चिंता व्यक्त करत राहिले. बाबांचा विश्वास एका दिवसात गेला नाही, धुवून धुवून लुगड्याचा रंग जावा तसा गेला.

"आवाज बंद कर वं," ते म्हणू लागले. "तोंड पाह्य फक्त."

मला त्यांचा राग यायचा. भाऊ आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे आणि यंदा लढाई त्याच्या डोक्यावर आली. अशा वेळी कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवल्याशिवाय मला झोप लागत नव्हती.

त्या दुपारी पडद्याखालची पट्टी सरकली. त्या बलाढ्य देशाच्या अध्यक्षानं युद्ध थांबल्याचं जाहीर केलं होतं.

"थांबलं बाबा," मी म्हटलं.

बाबा पडद्यावरच्या अध्यक्षाच्या तोंडाकडे बघत राहिले. "थांबलं तर हा घाम काहून पुसून राहिला? पोट्ट्याले फोन लाव."

व्हिडिओ लागला. भाऊ हसला, वाळला होता. "सगळं शांत आहे बाबा. बातम्यांत सांगून राहिले नं."

तेवढ्यात त्याला खोलीतल्या सोबत्यानं हाक मारली. भावानं माईक बंद केला आणि तोंड जरा वळवलं. घाईत तो विसरला, की फोनच्या या बाजूला कोण बसलं आहे. "घरपे मत बताना, सुबे फिर बम गिरा," तो सोबत्याला म्हणाला.

मी वाचलं, बाबांनीही वाचलं. मला अध्यक्षाचा आला नव्हता एवढा राग भावाचा आला, आणि लगेच त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

भावानं माईक सुरू केला. बाबांनी फोन चेहऱ्याजवळ घेतला आणि नुसते ओठ हलवले. घरी ये.

भाऊ थबकला. मग त्याचेही ओठ हलले, सावकाश, यंत्रमागापाशी उभं राहून बोलावं तसे. फोन कटला.

बाबांचे डोळे भरून वाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "काय म्हणला वं तो? मले दिसलं नाही."

मला स्वच्छ दिसलं होतं. विमानं बंद आहेत, बाबा.

"येतो म्हणला," मी सांगितलं आणि तोंड कूलरकडे फिरवलं.