माझ्या चिंध्या, साहेबांचं नाव

"हिला बाहेर पाठवा. रबराचा वास येतोय."

गोदामाचे मोठे साहेब म्हणाले. मला नाही, सुपरवायझरला. जणू मी तिथं नव्हतेच. मी ट्रेनिंग हॉलच्या दारात खोका घेऊन उभी होते आणि समोर पडद्यावर माझ्याच चिंध्यांचा फोटो होता. खाली साहेबांचं नाव. दुसऱ्या कंपन्यांचे पाहुणे टाळ्या वाजवत होते. ज्ञानाची देवाणघेवाण म्हणे. मला वाटलं होतं, मलाही काही विचारतील. मला फक्त नमुन्याचा खोका आणायला बोलावलं होतं.

खोका ठेवला आणि मुकाट बाहेर आले. साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझ्या मुकाटपणाचा आला.

वाळूजच्या या गोदामात मी सहा वर्षं ठेकेदाराकडून कामाला आहे. रोज पडेगावहून येते. गाड्यांच्या रबरी सीलचे खोके लावायचे, काढायचे. रबर पडून राहिलं की कडक होतं, म्हणून जुना माल आधी जायला हवा. पण खोक्यावरची बारीक तारीख घाईत कोण वाचतं? हाताला येईल तो नवा खोका जायचा. जुना मागं पडून राहायचा, उशिरा जायचा आणि खराब म्हणून परत यायचा. मी घरून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणल्या. दर आठवड्याच्या मालाला एक रंग, आधी कुठल्या रंगाचा काढायचा ते ठरलेलं. लाल, पांढरा, हिरवा, चौकड्यांचा. परत येणारा माल थांबला. शबानाला आणि बाकीच्या बायकांना मीच शिकवलं.

हॉलमधल्या त्या कार्यक्रमानंतर चिंध्या गेल्या, प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. चौकड्यांच्या जागी निळी. मी सुपरवायझरला म्हणाले, "निळी नका घेऊ." तो म्हणाला, "तू खोके उचल. डोकं लावायला आम्ही आहोत."

दोन महिन्यांत पट्ट्यांची गल्लत होऊन जुना माल मागं राहिला आणि अख्खी गाडी परत आली. साहेबांनी आम्हा बायकांना रांगेत उभं केलं.

"साधे रंग कळत नाहीत तुम्हाला?"

शबानानं मला कोपरानं ढोसलं. "आपा, बोल ना. तेरेकूच मालूम है."

मी दोन पट्ट्या उचलल्या, एक निळी, एक हिरवी. "साहेब, मागच्या रांगंत चला." तिथं पिवळे दिवे आहेत. साहेब आले. मी पट्ट्या पुढं धरल्या. "यातली निळी कंची, सांगा."

साहेबांनी बोट दाखवलं. मी ती पट्टी उजेडात आणली. हिरवी निघाली.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरले. "ठीक आहे. हे सगळं कागदावर लिहून सुपरवायझरकडे दे. पुढच्या ट्रेनिंगमध्ये मी सांगेन."

"नाय साहेब. मी सांगीन, माझ्या नावानं."

"नाव कशाला हवं तुला? काम सगळ्या टीमचं असतं."

"मंग पडद्यावर तुमचं एकट्याचं कसं व्हतं?"

साहेब पाठ फिरवून निघून गेले.

सोमवारी हॉल पुन्हा भरणार आहे. सुपरवायझर रोज कागद मागतो. नाही दिला तर ठेकेदाराला सांगून तुझं गेट बंद करू, कामावर घेणार नाही, म्हणतो. कागद मी लिहिलाय. रंग, दिवे, रांगा, सगळं. वर माझं नाव, खाली माझी सही. सोमवारी तो मीच वाचणार, पाहुण्यांसमोर, खुर्चीवर बसून. गेट बंद केलं तर करू देत. कागद कुणाच्या हातात देणार नाही.