पेरूची जोडपानं

पेरूच्या फांदीवर पानं समोरासमोर येतात, जोडीनं. कुणी विचारलं नाही तरी मी हे आजही सांगते, कारण एवढ्याशा गोष्टीपायी माझी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा बुडाली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरगावची खोली सोडून आम्ही भाईंदरजवळ सिल्व्हर पार्कला राहायला आलो होतो आणि मी भाईंदरच्या शाळेत नववीत होते. बाबांनी बजावलं होतं, "दहावीत चित्रबित्र बंद. काय ती परीक्षा द्यायची ती यंदा दे." म्हणजे एकच संधी. त्या परीक्षेत पानाफळांची खरी फांदी समोर ठेवतात आणि ती बघून जलरंगात काढायची असते.

आमचे ड्रॉइंगचे सर फांदीकडे बघतच नसत. आंबा असो, पेरू असो, एक पान डावीकडे, जरा वर एक उजवीकडे, सॅप ग्रीनचा फटकारा, संपलं. अख्खा वर्ग तसंच काढायचा. मी नाही काढलं. शाळेच्या गेटवर खारी गावची एक मावशी पेरू विकायची, तिच्याकडून मी फांदी मागून आणली होती. समोर जोडपानं होती, मी जोडपानं रंगवली. एका पानाला किडीनं पाडलेलं भोकसुद्धा दाखवलं, कागद कोरा सोडून.

सरांनी माझाच ब्रश घेतला आणि माझ्या चित्रावर त्यांची पानं काढली. ओल्या रंगावर! सगळा चिखल झाला. "डोळे आहेत की बटणं? पानं काय कवायत करतायत जोडीनं?" वर्ग खो-खो हसला. मी म्हटलं, "सर, फांदी बघा ना." झालं! माझा परीक्षेचा फॉर्म त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहिला. "उर्मटांना मी परीक्षेला बसवत नाही." परीक्षा झाली, मैत्रिणी ग्रेड घेऊन आल्या आणि मी घरी रंगांच्या ट्यूबा भिंतीवर फेकून मारल्या. तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाला चित्रांचं प्रदर्शन होतं. मधोमध सरांचं मोठं चित्र, पेरूची फांदी, पानं एक इकडे एक तिकडे. खाली लिहिलेलं, 'प्रत्यक्ष निसर्गावरून'. मी मावशीकडून ताजी फांदी आणली आणि बाटलीत घालून बरोबर त्या चित्राखाली ठेवली. मावशीलाही आत ओढत नेलं. तिनं चित्र पाहिलं, फांदी पाहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाय, ह्यो काय पेरू न्हाय!" चार पालक हसले. सरांचे कान लाल झाले. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

तासाभरानं परत गेले, तर फांदीवर निम्मीच पानं. सरांनी प्रत्येक जोडीतलं एक पान खुडून टाकलं होतं, फांदी चित्रासारखी दिसावी म्हणून! तोडलेल्या जागी ओले वण होते. मी ती फांदी घरी नेली आणि दोन दिवस बसून रंगवली, जशी दिसली तशी. प्रत्येक पानासमोर एक वण.

ते चित्र फ्रेम करून मुख्याध्यापिकाबाईंना दिलं. शाळेला भेट, म्हटलं, सरांच्याच हाताखाली शिकले. बाईंना गहिवरून आलं. त्यांनी ते चित्रकलेच्या वर्गात, सरांच्या खुर्चीसमोरच लावायला सांगितलं, तेही सरांनाच. खिळा ठोकून झाल्यावर सरांनी वण पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

चार वर्षांनी माझी धाकटी बहीण त्यांच्या वर्गात गेली. एकदा घरी येऊन म्हणाली, "ताई, सर किती छान शिकवतात गं! खरी फांदी आणतात. म्हणतात, आधी पानं मोजा, कुठलं कुणासमोर आलंय बघा, मगच ब्रश उचला."

माझं डोकंच फिरलं. मला त्यांना सुधारायचं नव्हतं, जाळायचं होतं! माझी परीक्षा गेली ती गेलीच, आणि शहाणपण आलं ते दुसऱ्यांच्या वाट्याला.

"आणि माझं चित्र?" मी विचारलं.

"आहे ना, त्यांच्या समोरच. परवा एकीनं विचारलं, सर, हे डाग कसले? तर म्हणाले, तिथली पानं मी तोडली होती, माझी चूक झाली."

भर वर्गात म्हणाले. आणि ऐकायला मी तिथं नव्हते. त्याचा राग अजून येतो.