व्हीलचेअरवरून उतरली आणि सायकलवर बसली

ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर माझी आई व्हीलचेअरवरून उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर बसली. मी तिथे उभी होते, डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून मला ते खरं वाटत नाही.

व्हीलचेअरचं आधी सांगते, नाहीतर वाटायचं बाई आजारी आहे. आजारी-बिजारी काही नाही. अमेरिकेत राहणारे आम्ही लोक आईवडिलांचं तिकीट काढलं की पाठोपाठ व्हीलचेअर मागवतोच. गुडघे ठणठणीत असले तरी. रांगेत उभं राहायला नको, इंग्रजीत उत्तरं द्यायला नकोत, कोणीतरी ढकलत थेट गेटपर्यंत पोचवतं. डेट्रॉइटहून निघतानाही मी मागवली. आई म्हणाली, "अगं, मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "तू फक्त बस गं." बसली बिचारी. बाबा गेल्यावर मी तिला सांगलीहून मिशिगनला, ट्रॉयला घेऊन आले, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्या काळात हे वाक्य मी तिला उठताबसता ऐकवलं असेल.

ती आता कायमची माझ्याजवळ राहावी, एवढंच मला हवं होतं. मी एकुलती एक. तिचं ग्रीन कार्ड झालं होतं, तळमजल्यावर तिची खोली होती, बाथरूममध्ये धरायला दांडे लावले होते, टीव्हीवर झाडून सगळे मराठी चॅनल होते. सांगलीचा फ्लॅट विकायचा तेवढा राहिला होता. ट्रिपहून आलो की त्याच्या मागे लागू, असं मी म्हटलं, तेव्हा आई "बघू" म्हणाली होती. आईचं "बघू" म्हणजे "हो", असं मी धरूनच चालले होते.

ट्रिप खरं तर माझी आणि नवऱ्याची. आम्ही दोघं सायकलवाले. म्हणजे अमेरिकन पद्धतीचे सायकलवाले. शनिवारी सायकली गाडीच्या मागे बांधायच्या, सायकलींसाठीच्या ट्रेलपर्यंत ड्राइव्ह करायचं, तिथे एक फेरी मारायची, पुन्हा बांधायच्या आणि घरी. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "सायकलींना फिरवून आणता होय?" हॉलंडमध्ये मात्र आम्ही एक बोट बुक केली होती. झोपायचं बोटीवर, दिवसा सायकलने पुढच्या गावी जायचं, तोवर बोट कालव्यातून तिथे येऊन थांबते. आईने डेकवर बसून चहा प्यायचा आणि गाई बघायच्या, असा माझा बेत.

पहिल्या सकाळी आम्ही दोघं हेल्मेट, हातमोजे, पॅड लावलेल्या चड्ड्या असा सगळा जामानिमा करून धक्क्यावर उतरलो. आजूबाजूने माणसं रोजच्या कपड्यांत, पोरांना पुढेमागे बसवून आरामात सायकल हाणत होती. लढाईला निघाल्यासारखे आम्हीच. बघते तर आई पुढे! पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आणि बोटीवरच्या माणसाला खुणेने सांगत होती, सीट खाली कर, अजून खाली.

"आई, काय चाललंय?"

"दिसत नाही का?"

"पडशील!"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतेय मी."

ते खरंच होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती आणि ड्युटीला सायकलनेच जायची. मी स्वतः कॅरिअरवर बसून शाळेत गेलेय. पण ते तेव्हा! आता सत्तरी आली की हो! मी पुढे काही बोलायच्या आत तिने पायडलवर पाय ठेवला, दुसऱ्याने जमिनीला रेटा दिला, एकदा डगमगली, आणि गेली की घंटी वाजवत. मी आ वासून तशीच उभी. नवरा म्हणाला, "चल, नाहीतर आई काही आपल्याला गाठू द्यायच्या नाहीत."

पुढे आम्ही तिला गाठलं. मी पुढे होते, तेव्हा एका चौकात समोरून गाडी आली. मी सवयीने थांबले आणि हात करून त्या माणसाला म्हटलं, तू जा बाबा. मिशिगनमध्ये जीव प्यारा असेल तर असंच करायचं असतं. तो हलेना. त्याने मला हात केला, मी त्याला हात केला. मागून आई घंटी बडवायला लागली. "अगं तो आपल्यासाठी थांबलाय! हल की आता!" गाडी सायकलसाठी थांबते, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

आणि मग ती सकाळ. मी आईच्या केबिनमध्ये डोकावले तर पलंग रिकामा. फोन उशीवर. धक्क्यावर तिची सायकल नाही.

असं आधी एकदा झालं होतं. ट्रॉयला आल्या आल्या ती कोथिंबीर आणायला म्हणून पायी निघाली होती. आमच्या कॉलनीबाहेर मोठा रस्ता, पुढे फुटपाथ संपतो, चालणारं माणूस औषधालाही नाही. हातात पिशवी घेऊन कडेने चालणारी म्हातारी बघून कोणीतरी पोलिसांना फोन केला, की बाई हरवलेली दिसतेय. पोलिसांच्या गाडीतून आई घरी आली. सगळे शेजारी दारात. ती त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "एकटी बाहेर जायचं नाही, कुठे जायचं ते मला सांग, मी ड्राइव्ह करते." त्यानंतर ती कुठे गेलीच नाही, आणि मला वाटलं, चला, रुळली.

मी धक्क्यावर स्लिपरवर सैरावैरा धावत होते. बोटीवरचा माणूस कांदे चिरता चिरता शांतपणे म्हणाला, "बाजारात गेल्यात. येतील." मी त्याच्यावरही ओरडले.

आली. गाल लाल, केस विस्कटलेले, हँडलला पिशवी. "स्ट्रॉबेऱ्या बघ कशा आहेत! घासाघीस केली, त्याने मूठभर वर घातल्या."

माझा भडका उडाला. "कुणाला सांगून गेलीस? काही झालं असतं म्हणजे? फोन तरी न्यायचास!"

तिने सायकल स्टँडला लावली. पिशवी माझ्या हातात दिली. "दोन वर्षांत मी एकटी कुठे गेले, सांग बघू."

मला एक जागा आठवेना. एकसुद्धा.

"मी सांगलीला परत जाते," ती म्हणाली. चहा टाकते म्हणावं, त्या आवाजात.

कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि मग राग आला, भयंकर. ते दांडे, ते चॅनल, ते ग्रीन कार्ड, कुणासाठी केलं मी? "तिथे कोण आहे तुझं?"

"शेजारीण आहे. भाजीवाली आहे. एक्स्चेंजमधल्या तिघी आहेत अजून, भांडायला."

"आणि तिथे काही झालं तुला तर?"

"होईल की. तुझ्याकडे काहीच होत नाही, त्याचं काय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. "मी मध्ये पडत नाही," म्हणून त्याने पिशवीतली स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. दिवसभर मी दोघांशीही बोलले नाही. वाऱ्याविरुद्ध पायडल मारत नुसती रडत होते.

ट्रॉयला परतल्यावर मी शेवटचा प्रयत्न केला. आईसाठी लेडीज सायकल आणली. ती खूश झाली, लगेच निघाली. मी फाटकापासून बघत होते. कॉलनीच्या तोंडाशी जाऊन ती थांबली. समोर मोठा रस्ता, ट्रकमागून ट्रक. बराच वेळ तिथे एक पाय टेकून उभी होती. मग वळली, सायकल गॅरेजमध्ये नीट लावली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "चांगली आहे गं सायकल," म्हणाली.

तिकीट मीच काढलं. एकेरी. शेवटचं बटण दाबताना मला हुंदका आवरेना. शेजारी बसलेली आई चष्मा नाकावर सरकवून स्क्रीनवर वाकली.

"खिडकीची सीट मिळतेय का बघ," ती म्हणाली.