आक्काचे गहू

माझ्या थोरल्या बहिणीला विचारल्याशिवाय आमच्या सगळ्या गोतावळ्यात आजवर कुणी नोकरी धरलेली नाही, आणि तिला विचारून धरलेली नोकरी कुणाला मनापासून आवडलेली नाही. आक्का स्वतः नंदुरबारजवळच्या रनाळ्याच्या शिवाराबाहेर एक दिवस नोकरी केलेली बाई नव्हे. पण कुठल्या गावात किती पगारात कसं भागतं, यावर ती अशा काही अधिकारानं बोलते की समोरचा मुकाट हातातलं नेमणुकीचं पत्र घडी करून खिशात घालतो. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, शाळामास्तर, चार पोरांना गणित शिकवलेला माणूस. पण तिच्या गणितापुढं माझी मती आजही गुंग होते. संताप येतो तो वेगळाच.

तिचं गणित गव्हापासून सुरू होतं. गहू, ज्वारी, तूरडाळ, लाल मिरची हे सगळं घरच्या शेतातून येतं, म्हणून तो खर्च नव्हेच, असं तिचं ठाम मत. त्यामुळे जगातली सगळी शहरं तिनं दोन भागांत वाटून टाकली आहेत. एक, जिथं घरचं पोतं पोचतं ती. आणि दुसरी, जिथं पोचत नाही ती. सुरत चांगलं, कारण नंदुरबारला पॅसेंजरमध्ये ओळखीच्या माणसाच्या पायाशी पोतं ठेवलं की काम झालं. पुणं वाईट. शेजारचा मुलगा पुण्याची मोठ्या पगाराची नोकरी सांगत पेढे घेऊन आला, तर पेढा तोंडात असतानाच ही म्हणाली, "पगार मोठा शे, पन गहू इकत लेना पडतीन त्यानं काय?" तो बिचारा म्हणाला, मावशी, मी मेसमध्ये जेवणार. त्यावर आक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवला आणि उठला.

बरं, नुसता गहू पोचून भागत नाही. दळणाची गिरणी किती लांब, आणि गच्चीवर ऊन पडतं का, हेही तिला कळलं पाहिजे. पापड, कुरडया, मिरच्या वाळवायच्या कुठं? घरभाडं, लाइटबिल, असल्या गोष्टी ती सगळ्यात शेवटी विचारते आणि उत्तर पुरतं ऐकतही नाही. परगावची बातमी काढायला नंदुरबारच्या बाजारात तिचे एक किराणावाले शेठ आहेत. घराणं मूळ राजस्थानचं, पण शेठ अहिराणी आमच्यापेक्षा फर्डी बोलतात, आणि त्यांचे भाऊबंद गावोगाव दुकानं टाकून बसलेले. आक्का बाजाराला गेली की दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडते. "शेठ, तुमना इंदूरवाला साडूले जरा फोन लावा ना, तठे ज्वारी काय भाव शे?" एकदा शेठनी हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, गिऱ्हाईक उभं शे हो!" आक्का म्हणाली, "मंग मी काय बसेल शे का आठे उगाच?"

या गणिताचा सगळ्यात मोठा बळी मी स्वतः. नोकरीच्या सुरुवातीला मला दोन ठिकाणी जागा होती, एक नाशिकला आणि एक सातपुड्यातल्या धडगावला. माझी बायको नाशिकच्या नावानं हरखून गेली होती. आक्कानं एका वाक्यात तिचं नाशिक पुसून टाकलं. "येडा व्हयना का? धडगावले खर्च कराना म्हन तरी कोठे करशी?" शिवाय जीपवाले ओळखीचे, घाट चढून पोतं टपावरून थेट दारात. गेलो आम्ही. संध्याकाळी डोंगराकडं तोंड करून बसायचं, हा एवढाच कार्यक्रम असायचा. पण आक्काच्या हिशोबात कंटाळासुद्धा शिलकीत जमा होत असे! मयुरीला, आमच्या मुलीला, मात्र तिनं शाळेसाठी स्वतःकडं रनाळ्याला ठेवून घेतलं. "पोरना खर्च मन्हाकडे, तुन्हा पगार शिल्लक," म्हणाली. तेव्हा मला तो हिशोब बिनतोड वाटला होता. आम्ही खाली नंदुरबारला बदलून आलो तोवर पोर फुईची होऊन गेली होती. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात.

तीच मयुरी औषधांचं शिक्षण घेऊन बाहेर पडली आणि तिला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक अंकलेश्वरची, कारखान्यात माल तपासायची. दुसरी हैदराबादची, नवं औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि पगार दीडपट. पोरीचं मन कुठं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आक्का पिशवी घेऊन नंदुरबारला आमच्या घरी मुक्कामालाच आली. अंकलेश्वर म्हणजे सुरतच्या थोडंसं पुढं, पोतं पोचतं. हैदराबादला कोण नेणार? तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. मी बापडा दोघींच्या मध्ये मान हलवत बसलो. मला विचाराल तर मलाही कळत नव्हतं. पगार मोठा खरा, पण भाडंही मोठं, आणि पोर लांब.

चौथ्या दिवशी मयुरी अंघोळीला गेलेली असताना हैदराबादहून फोन आला. आक्कानं उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकतोय तर हिचं हिंदी सुरू. "बाई, तुम्हारे उधर गिरणी कितनी दूर है? गच्चीपे धूप पडता क्या?" पलीकडची बाई सज्जन असावी. तिनं आधी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, माँजी, इधर तो ज़्यादातर लोग चावल खाते हैं. झालं! "चावल?" आक्का ओरडली. "फिर हमारी पोरगी नहीं आयेगी!" आणि फोन ठेवून विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळली, "भाऊ, त्या लोके भात खातस!"

मयुरी ओल्या केसांनी दारात उभी होती. फुईपुढं कधी आवाज न चढवलेली पोर म्हणाली, "फुई, नोकरी माले करनी शे, गहूले नही!" आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. त्या बाईंची माफी मागून, हैदराबादला येते म्हणून सांगूनच खाली आली. आक्कानं पिशवी भरली आणि चहाही न घेता रनाळ्याची गाडी धरली. मयुरीला निरोप द्यायला ती स्टेशनवर आली नाही. पोर डब्यात चढेपर्यंत फलाटाच्या जिन्याकडं बघत होती, आणि मला आक्काचा असा राग आला की सांगता सोय नाही.

महिन्याभरानं बाजारात शेठनी हाक मारली. म्हणाले, मास्तर, आक्कानं ट्रान्सपोर्टनं हैदराबादला पोतं पाठवलं, माझा भाऊ पोचतं करतोय. पण भाडं गव्हापेक्षा जास्त झालं, मी सांगितलं तरी ऐकेना. आता मात्र माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर आम्हाला हिशोबानं छळणारी ही बाई! मी तडक रनाळ्याला गेलो.

आक्का ओट्यावर सुपात गहू पाखडत बसली होती. शेजारी आणखी एक पोतं, अर्धं भरलेलं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आक्का, त्या भाड्यात तिथं दुप्पट गहू आला असता!"

"व्हय, येता," ती वर न बघता म्हणाली. "पोरीना फोन व्हता. तठे गच्चीवर ऊन पडस म्हने. आवंदा मिरच्या बी धाडसू."

"अगं, पण गहू तिथं मिळतात!"

तिनं सूप मांडीवर ठेवलं. "भेटतस. माले ठाऊक शे. पन मंग मी काय धाडू रे, भाऊ?"

मला धडगावचा तो बिनतोड हिशोब आठवला. पोर रनाळ्याला राहते, ही त्यातली खरी शिल्लक आक्कानं कधी बोलून दाखवली नव्हती, आणि मी मास्तर असून मला ती कधी दिसली नव्हती. मी चपला काढल्या आणि पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं. आक्का सुपानं गहू ओतत राहिली.