औषधाच्या बाटलीतली कावीळ

पोलादपूरला फौजदार असताना हाताळलेले एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. त्यात ना सुरा होता, ना बंदूक. कुडपणच्या बाजूला, डोंगरावरच्या एका वाडीत काविळीने तीन माणसे दगावली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठाण्यात येऊन सांगितले, "ही पाण्याची कावीळ नव्हे. पाणी सगळी वाडी एकाच झऱ्याचे पिते. आजारी पडलेत ते फक्त इंजेक्शन घेतलेले."

इंजेक्शन देणारा वाडीतलाच एक विधुर होता. तरुणपणी मुंबईत कंपाउंडर होता. डॉक्टरकीचा परवाना नव्हता. पंचांसमक्ष आम्ही त्याच्या घराची झडती घेतली. सुया, सिरिंज आणि ताकदीच्या औषधाची अर्धी बाटली सीलबंद करून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. त्याला गाडीकडे नेताना एक म्हातारी आडवी आली. मेलेल्यांत तिचा मुलगा होता.

"सायेब, त्याला नेऊ नका. माझा पोर गेला तो गेला. आमच्यासाठी खालनं औषध घेऊन डोंगर चढणारा दुसरा कोण हाय?"

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "दर माणसाला नवी सुई लावली, सायेब. कुणालाबी विचारा."

विचारले. खरे निघाले. खोटे बोलणाऱ्याचे हात काही ना काही चाळा करतात. याचे हात मांडीवर स्थिर होते.

मग अहवाल आला. बाटलीतल्या औषधात काविळीचे विषाणू होते आणि रुग्णांच्या रक्तातल्या विषाणूंशी ते जुळत होते. डॉक्टरांनी सिरिंज हातात धरून मला समजावले. सुई बदलली, पण नळी तीच. रोग्याच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश नळीत राहतो, तीच नळी पुन्हा बाटलीतून औषध ओढते, आणि मग पुढच्या प्रत्येकाला बाटलीच आजार देते.

हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले. आता तो वकील मागेल असे वाटले. पण त्याने विचारले, "माझी बायको काही वर्सांमागं काविळीनंच गेली. तिला मीच टोचत होतो. ती आधीच आजारी होती, का माझ्यामुळं पडली?"

तिच्या रक्ताचा नमुना कुठेच नव्हता. "ते आता कळणार नाही," मी म्हणालो.

"लिहा सायेब, नळी एकच होती," तो म्हणाला. न्यायालयातही त्याने तेच सांगितले.

शिक्षा भोगून तो वाडीवर परतला. त्याला कुणी हाकलले नाही, कुणी बोलावलेही नाही. आजार कुठून कुठे गेला हे प्रयोगशाळा सांगते. निकालानंतर माणूस कसा जगतो, हे पाहायला आम्ही तपास अधिकारी क्वचितच मागे वळतो. मी एकदा गेलो. त्याने चहा केला, कप माझ्यापासून लांब उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरला.

"पाणी उकळलेलं हाय, सायेब."

मी पुढे होऊन कप उचलला आणि त्याच्या शेजारी बसून चहा प्यालो.